फ्लेक्सवरच्या विनोदिनीबाई

मंगळवार, १० सप्टेंबर २०२४. गौरी आल्या. सकाळी ऊन, दुपारी ढगाळ, पाऊस नाही. रजनीकडे फाटकापासून देवघरापर्यंत पावले काढली. नंतर क्लासला गेले. अनिल सरांनी पुन्हा कौतुक केले. टावर चौकात माझा फोटो लावला आहे. मला कोणी विचारले नाही.

एवढं लिहून विनोदिनीबाई महिदपूरकरांनी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं आणि शेवटच्या वाक्याखाली पट्टीनं रेघ मारली. रोजनिशीत रेघा मारणं त्यांना पसंत नव्हतं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणायच्या, जे वाक्य आपल्या पायावर उभं राहत नाही त्याला काठी देऊ नये. आज त्यांनी दिली.

फोटोची बातमी त्यांच्या धाकट्या जावेनं, रजनीनं आणली होती. महाकालाच्या त्या गावात, नानाखेड्याच्या कॉलनीत दोघींची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. गौरी रजनीकडे येतात, आणि त्यांची पावलं विनोदिनीबाईच काढतात. यजमान, गोपाळकृष्णराव गेल्यावर कोणीतरी "आता सवाष्णीनं काढावीत" असं सुचवलं, तेव्हा रजनीनं फटकारलं होतं, "माझी पावलं बदकासारखी येतात. गौरी परत जाईल. वहिनीच काढतील." त्यामुळे सकाळी विनोदिनीबाई रांगोळीचा डबा घेऊन वाकल्या होत्या आणि रजनी हार घेऊन बाजारातून आली होती.

"वहिनी, तुम्ही तर फेमस झालात! चौकात एवढा मोठा फ्लेक्स लागलाय तुमचा. नाकावर चष्मा, हातात पेन्सिल. वर लिहिलंय, 'सीखने की कोई उम्र नहीं होती'. शेजारी कोचिंगवाल्या पोरांचे फोटो, खाली कुल्फीची गाडी."

"माझा? कोणी लावला?"

"तुमच्या कार्टूनवाल्यांनीच, आणखी कोण लावणार?"

ती कार्टूनवाल्यांची जागा म्हणजे फ्रीगंजमध्ये एका चपलांच्या दुकानावरची अॅनिमेशनची शिकवणी. तिथं विनोदिनीबाई जून महिन्यापासून जात होत्या. का जात होत्या, हे त्यांना पुष्कळांनी विचारलं. खरं कारण एवढंच होतं, की उन्हाळ्यात मुलगा सौमित्र सहकुटुंब आला होता, नात टीव्हीवर एक चित्रातलं अस्वल बघत होती, आणि विनोदिनीबाईंनी विचारलं होतं, "हे चालतं कसं रे?" सौमित्र फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला, "तुला काय करायचंय, आई?"

तो गेला त्या आठवड्यात त्यांनी नाव घातलं. प्रवेशाच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "दादी, बच्चे को भेज दीजिए, फॉर्म वही भरेगा." विनोदिनीबाई म्हणाल्या, "बच्चा मैं ही हूँ. पेन दीजिए."

अॅनिमेशनच्या आधी तीन महिने नुसतं चित्र काढायला शिकायचं होतं. अनिल सर शिकवायचे. बारीक, तापट माणूस. कोणीतरी एक जण स्टुलावर उभं राहायचं, कधी वाकून, कधी पोतं उचलल्यासारखं, आणि बाकीच्यांनी अर्ध्या मिनिटात ते उतरवायचं. खोडरबर बंद. हात मनगटातून नाही, खांद्यातून फिरवायचा. विनोदिनीबाईंचं सगळं आयुष्य मनगटात गेलं होतं. अक्षर मोत्यासारखं, रेघ दोऱ्यासारखी. अर्ध्या मिनिटात त्यांचा एक कान काढून व्हायचा, तो मात्र सुबक.

"आंटी, ये क्या है?" अनिल सर ओरडायचे. "आदमी गिर रहा है और आप उसका कान बना रही हैं! पहले कमर देखो, कमर किधर जा रही है!"

पहिल्या दिवशी त्यांना राग आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कंबर बघितली. मग सवयच लागली. भाजीवाली कशी झुकते, बसच्या दांड्याला लटकलेल्या माणसाचं वजन कुठल्या पायावर असतं, महाकालाच्या रांगेतून दमून आलेली बाई पायरीवर कशी बसते. घरी कागदांचे गठ्ठे वाढले. जुलैअखेर अनिल सरांनी एक कागद वर धरला आणि म्हणाले, "ये आदमी लकड़ी का है, लेकिन अब गिर तो रहा है." त्या रात्री विनोदिनीबाई एक पोळी जास्त जेवल्या.

गणपतीच्या आधी एक दिवस एक मुलगा क्लासमध्ये कॅमेरा घेऊन आला होता. त्यानंतर सरांची भाषा बदलली. 'आंटी'ची 'माताजी' झाली. काहीही दाखवा, सर म्हणत, "बहुत बढ़िया, माताजी." आता शेवटचं काम आलं होतं. कागदांवर एक माणूस चालवायचा, प्रत्येक कागदावर किंचित पुढे, आणि शनिवारी ते सगळ्यांसमोर भराभर उलटून दाखवायचे. त्यावर आणि आधीच्या चित्रांवर ठरणार होतं, पुढच्या बॅचला कोण जाणार आणि पुन्हा पहिल्यापासून कोण शिकणार. विनोदिनीबाईंनी पहिले चार कागद दाखवले. "बहुत बढ़िया."

शेजारी बसणाऱ्या निहारिकाला तेच सर त्याच मिनिटाला म्हणाले, "ये घुटना है या समोसा?"

कौतुकानं पोट भरत नाही, हे विनोदिनीबाईंना तेव्हाच कळलं. कौतुकाचं कारण मात्र मंगळवारी कळलं, रिक्षातून चौकात उतरून त्या स्वतःच्याच तोंडाकडे मान वर करून उभ्या राहिल्या तेव्हा.

बुधवारी त्या थेट संचालकांच्या खोलीत गेल्या. आदित्य, तिशीचा, गोड बोलणारा, मराठी घरातला.

"या काकू, बसा! चहा? पाहिलात फ्लेक्स? कालपासून फोनच फोन. सगळे विचारतात, त्या काकू खरंच शिकतात का?"

"मला कोणी विचारलं नाही."

"अहो, सरप्राइज होतं!"

"काढा तो."

आदित्य हसला. "काकू, तुम्ही आमच्या स्टार. शनिवारचं टेन्शन तर मुळीच घेऊ नका. तुम्हाला पुढच्या बॅचमध्ये असंच घेणार आहोत. सरांना सांगूनच ठेवलंय."

"असं होय." विनोदिनीबाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली. "म्हणजे मला शिकवायचं बंद केलंय तुम्ही."

"छे छे! उलट—"

"निहारिकाला गुडघा समोसा म्हणतात. मला काहीच म्हणत नाहीत. मी इथं समोसा ऐकायला येते, आदित्य. देवळातल्यासारखी घंटा वाजवून जायला नाही. शनिवारी माझे कागद सगळ्यांसारखे बघायचे. आणि नाही चालला माणूस, तर नाही म्हणायचं."

"आणि नाही म्हटलं तर? चौकात फोटो, आणि काकू पहिल्या बाकावर परत? लोक हसतील."

"मला हसतील ना? मग तुम्ही का घाबरता?"

शनिवारी बाकं भिंतीला लावली होती. आदित्यही येऊन मागे उभा राहिला. एकेक जण कागदांची चवड डाव्या हातात धरून उजव्या हातानं उलटत होता. कोणाचा माणूस लंगडत होता, कोणाचा मागे सरकत होता. निहारिकाचा समोसा सुधारला होता. सरांनी मान हलवली.

विनोदिनीबाईंनी आपले कागद प्लास्टिकच्या फाइलमधून काढले. एकाही कोपऱ्याला घडी नव्हती. घडी पडू नये म्हणून त्यांनी ते घरी एकदाही उलटून पाहिले नव्हते. एकेक चित्र मात्र जीव ओतून काढलेलं होतं. कंबर तिरकी, खांदा सैल, पायात नीट काढलेले बूट.

सरांनी चवड उलटली. माणूस टुणकन पुढे गेला. पुन्हा टुणकन. पुन्हा.

अनिल सरांनी आदित्यकडे पाहिलं, घसा खाकरला. "बहुत... भाव अच्छा है, माताजी."

"आजी!" निहारिकाला हसू आवरेना. "अहो, हा चालत नाहीये! हा उड्या मारतोय! दोन्ही पाय एकत्र!"

विनोदिनीबाईंनी कागद हातात घेऊन स्वतः उलटले. खरंच. प्रत्येक कागदावर दोन्ही बूट शेजारी शेजारी, जोडीनं, थोडे पुढे. फाटकापासून देवघरापर्यंत. वर्षानुवर्षं बोटांना गौरीचं पाऊल असंच ठाऊक होतं. गौर जोडीनं उमटते, मधल्या अंतरात काय होतं ते कोणी काढत नाही. त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. मग त्यांनी तोंड गंभीर केलं.

"सर, सच बताइए. पास या फेल?"

"माताजी, आपकी उम्र में..."

"उम्र नहीं पूछी. आदमी के बारे में पूछा."

अनिल सरांनी एकदा आदित्यकडे पाहिलं, आणि मग पाहणं सोडून दिलं. आवाज चढला, तोच जुना आवाज. "आंटी, ये क्या है! मेंढक है! एक पैर ज़मीन पर रहेगा तभी दूसरा उठेगा! वज़न किस पैर पर है? किसी पर नहीं! और पलट के देखा क्यों नहीं? कागज़ क्या तिजोरी में रखने के लिए हैं? फेल!"

"थँक यू," विनोदिनीबाई म्हणाल्या. सिस्टरांनी शिकवलं होतं तसं, स्पष्ट.

आदित्य पुढे आला. "काकू, सर जरा रागावले. आपण काहीतरी अॅडजस्ट—"

"काही अॅडजस्ट करायचं नाही. सोमवारी मी नव्या मुलांबरोबर पहिल्या बाकावर. तुमचाच नियम आहे. आणि फ्लेक्स राहू दे हवा तर."

त्याचा चेहरा खुलला. "खरंच?"

"हो. फक्त माझ्या फोटोखाली ठळक अक्षरांत 'नापास' लिहा. अक्षर सुधारून हवं असेल तर मी देते लिहून."

निहारिका बाकावर डोकं टेकून हसत सुटली. आदित्य हसला नाही. तासाभरात खालच्या दुकानातून शिडी आली आणि एक मुलगा फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला चौकाकडे गेला.

घरी आल्यावर विनोदिनीबाईंनी चहाही घेतला नाही. रजनीला अंगणात बोलावलं.

"चाल."

"कुठे?"

"फाटकापर्यंत. आणि परत. पदर खोच, मला पाय दिसू देत."

"वहिनी, तुम्ही नापास झालात आणि शिक्षा मला?" रजनी पदर खोचत म्हणाली. "ह्यांना चालवा ना. रिटायर झाल्यापासून चाललेच नाहीत."

खिडकीतून रजनीच्या नवऱ्याचा, दिलीपरावांचा आवाज आला, "मी ऐकतोय."

"थांब! तिथंच थांब. हलू नको. उजवा उचल. अर्धाच!"

"पडेन मी!"

"पड. पडताना कंबर कुठे जाते तेच बघायचंय."

रजनी एका पायावर डुगडुगत उभी राहिली, तुळशीच्या कट्ट्याला धरून, शिव्या देत. विनोदिनीबाई पायरीवर बसून खांद्यातून हात फिरवत राहिल्या. कागद झाला की कुरकुर न करता तो उलटायच्या, पुन्हा उलटायच्या. कोपरे दुमडले, बोटांचे काळे ठसे उमटले. दिवेलागणीपर्यंत एक गुडघा थोडा समोशासारखा आला, पण मागचा पाय जमिनीवर होता, आणि पुढचा हवेत.

मग त्या आत गेल्या आणि रोजनिशी उघडली.

शनिवार, १४ सप्टेंबर २०२४. ढगाळ. नापास. सोमवारपासून पहिला बाक. गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट बिघडला आहे, पाणी वाहते. प्लंबर उद्या येतो म्हणाला.