गिरजामायचा तट्टा

गिरजामायला बंडी दाखवली की ती बैलांकडे बघायची नाही, चाकांकडेही नाही. मागून सरळ वर चढायची, कनवटीचा कापसाचा झुपका काढायची आणि गुडघ्यांवर बसून तळाच्या एकेका फळीवरून तो फिरवायची. कापसाचा तंतू जिथे अडकेल तिथे गेरूचं बोट उमटायचं. मग खाली उतरून गाडीवानाला एकच प्रश्न, "काहून रे, या बंडीनं तुहं काय घोडं मारलं होतं?"

अमरावतीच्या कापूस बाजाराच्या तोंडाशी एक निंब होता, त्याखाली ती बसायची. जातीची बुरडीण, पन्नाशीची, अंगानं वाळकी, आवाज मात्र खणखणीत. टोपल्या-सुपं तिनं बाजूला ठेवली होती, कारण दिवसच तसे आले होते. परमुलखात कुठेतरी लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. रस्त्यात जिकडे बघावं तिकडे बंड्याच बंड्या. बंडीच्या तळाशी अंथरायचे बांबूचे तट्टे विणावेत तर गिरजामायनं, असं सगळे म्हणायचे. मी म्हणत नव्हतो. माझी अक्कल तेव्हा गहाण पडली होती.

आमचं गाव अकोला-अमरावती रस्त्यावर, मधोमध. भाव जिकडे चढा तिकडे बंडी हाकायची. माझी बंडी नवी, मेळघाटच्या सागाची. चोवीस वर्षांचा मी, बैलांच्या शिंगांना पितळी टोपणं, चाकांना लाल रंग. गिरजामायनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आत डोकावून म्हणाली, "शिंगाले पितळ अन् पोट उघडं! देवमन, बंडीले पोट असते बाप्पा. त्याले अस्तर लागते."

मी हसलो. "माय, सागाले काय होते?"

"सागाले काय होते थे सागच सांगन तुले," ती म्हणाली आणि पुन्हा बांबूच्या कामट्या सोलायला लागली.

सागानं सांगितलं, आणि चांगलंच सांगितलं. त्या साली आगगाडीच्या रुळांचं काम आमच्या बाजूला सरकत होतं. कापूस वेचणीला यायच्या आधी मी महिनाभर कंत्राटदाराची खडी वाहिली, ती उघड्या फळ्यांवर. टोकदार काळा दगड धक्क्यागणिक सरकायचा आणि लाकूड खरवडायचा. महिन्याभरात तळाला बोट बुडेल असे ओरखडे पडले आणि फळ्यांना कुसळं उभी राहिली. आता या बंडीत कापूस भरायचा कसा? तेव्हा मला एक शहाणपण सुचलं. घराची जमीन उखणली की आपण काय करतो? सारवतो. मी बंडी सारवली! शेण, पांढरी माती, वरून हात फिरवून अगदी गुळगुळीत. बायको म्हणाली, "अवो, हे वाळलं का उडन ना." मी तिलाच दटावलं. बाईचं ऐकायचं नाही, असा तेव्हा माझा नेम होता. वाटोळं होतं ते असल्या नेमानंच.

शेजारच्या पुंजाजीनं पहिल्या वेचणीचा कापूस माझ्या भरवशावर बंडीत भरला. दोन दिवसांचा रस्ता, ऊन आणि खड्डे. अमरावतीत पोचलो तोवर सारवणाचे पोपडे सुटून त्यांचा भुगा कापसात शिरला होता. व्यापाऱ्यानं कोपरापर्यंत हात घालून तळचा कापूस ओढून काढला. मोगऱ्यासारखा पांढरा माल हळद्या-हिरवट झालेला! तो भर बाजारात ओरडला, "कापूस आणला की गोठा? ही बंडी पुन्हा माझ्या दारात नको!"

गाडीवानाची बंडी एकदा बदनाम झाली की संपलंच. तिच्यात कोण माल भरील? बैलांना खाऊ काय घालू? पुंजाजी खाली वाकून आपल्या कापसातले पोपडे एकेक करून वेचायला लागला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गिरजामाय निंबाखालून उठून आली. मला वाटलं, आता ही माझी सालटी काढणार. तिनं बंडीत डोकावलं, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "सारवली? अरे पोट्ट्या, बंडी का चूल हाये?" मग पुंजाजीला म्हणाली, "दादा, चवाळं हातरा. वरचा माल साफ हाये, थो अलग करू." तिघं दुपारभर बसून पोपडे वेचत होतो. वरचा कापूस दुसऱ्या व्यापाऱ्यानं घेतला, तळचा पुंजाजीनं गाद्यांसाठी परत नेला. तिचं त्या दिवशीचं विणकाम तसंच पडून राहिलं.

पुढचे दोन दिवस तिनं मला राबवलं. सगळं सारवण धुऊन काढायला लावलं. कापूस फिरवून गेरूची बोटं उमटवली. तळ कसला, नवरीचे हात झाले होते लाल! एकेक बोट मी फुटक्या कौलानं घासायचं, तिनं पुन्हा कापूस फिरवायचा. मग जवसाचं तेल चोळलं. मी तट्टा खिळ्यांनी ठोकतो म्हणालो तर तिनं हातोडी हिसकली. "खिया ठोकू नोको. खिया आज धरते, उद्या चावते." तट्टा तिनं काथ्यानं बांधला. कामट्यांची चिकणी पाठ वर, खरबरीत पोट खाली. शिवाय दगडासाठी जाड विणीचा दुसरा तट्टा दिला. "दगडाचा अलग, कापसाचा अलग. एकाचं दुसऱ्याखाली हातरलं तं माह्यापाशी येऊ नोको."

पुढच्या खेपेला ती स्वतः बंडीपुढे चालत त्या व्यापाऱ्याच्या दारात गेली. "शेटजी, हात घाला. पार खालपावतर घाला." त्यानं आढेवेढे घेत हात घातला, तळचा कापूस काढला, उन्हात धरला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "उतरवा." मी वळून पाहिलं. गिरजामाय केव्हाच निंबाकडे निघाली होती.

त्यानंतर प्रत्येक खेपेला मी तिच्यापुढे बंडी उभी करायचो. एकदा विचारलं, "माय, नुसता हात फिरवला तं नाई समजत का?" तिनं तळवे पुढे केले. कामट्यांनी चिरून चिरून त्यांना घट्टे पडले होते. "बोटं मेली माही. मनून कापसाले इचारा लागते. थो खोटं नाई बोलत."

लढाई संपली, भाव कोसळला. पितळी टोपणं गेली, रंग उडाला. आगगाडी आली आणि लांबच्या खेपा तिनं खाल्ल्या. कित्येकांच्या बंड्यांच्या फळ्या चुलीत गेल्या. माझी शाबूत होती, म्हणून शेतातली, लग्नाची, विटांची मिळेल ती खेप मला मिळत राहिली. मी म्हणालो, "माय, आता तट्टे कोन घेते?" ती म्हणाली, "भाव उतरला रे, बंडी थोडीच उतरली? चढू दे मले वर."

मग एका उन्हाळ्यात निंबाखाली ती दिसली नाही. तापानं खोपटात पडली होती, गोणपाटावर. आयुष्यभर तट्टे विणले बाईनं, स्वतःच्या अंगाखाली एक नव्हता. म्हणाली, "देवमन, मले परतवाड्याकडे भावापाशी नेऊन सोड."

मी बंडी आणली. झिजलेला जुना तट्टा सोडून टाकला, कनवटीचा कापूस काढला आणि तळावरून फिरवला. एका जागी अडकला. मी कौल घेऊन घासायला बसलो. ती दारातून बघत होती. "चाल ना रे. मी का कापूस हावो?"

"गप बस माय," मी म्हणालो. पहिल्यांदाच तिच्यावर आवाज चढवला. डोळ्यांना धार लागली होती, तरी कापूस अलगद सरकेपर्यंत मी घासत राहिलो. मग कडबा पसरला, वर तिनंच विकायला विणलेला नवा तट्टा अंथरला, पाठ वर करून. तिला उचलून ठेवली तेव्हा ओझं असं काही नव्हतंच. तिनं ते मेलेले हात तट्ट्यावर फिरवले, काही कळेना, म्हणून कूस बदलून गाल टेकवला.

"पोट्ट्या," ती म्हणाली, "कुठीच टोचून नाई राहिलं."

भावाच्या दारात तिला तट्ट्यासकट उतरवली. आठ दिवसांनी निरोप आला, माय गेली, आणि त्याच तट्ट्यावरून नेली.

तिला सोडून परत येताना बंडीचा तळ उघडा होता. दोन दिवसांच्या वाटेवर फळ्या खडखडत राहिल्या. तट्ट्यावाचून बंडी मी त्यानंतर कधीच हाकली नाही.