वळण लागलेला कुत्रा

आमच्या कुत्र्याला वयाच्या दहाव्या वर्षी अचानक वळण लागलं. त्याआधी आमच्या घरात त्याने मनाला येईल ते केलं होतं. पाहुणा आला की त्याच्या छातीवर पाय, कुरिअरवाला आला की खालच्या मजल्यापर्यंत पाठलाग, आणि टीव्हीसमोरच्या सोफ्यावर माझ्या आधी तो. बदलापूरच्या शिरगावात आमची तीन मजल्यांची इमारत, लिफ्ट नाही, आणि आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. खालून कोण येतंय हे त्याच्या भुंकण्यावरून अख्ख्या जिन्याला कळायचं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याचा विषय संपला की आमच्या कुत्र्याचा निघायचा.

मग त्या हिवाळ्यात हे सगळं एकेक करत थांबलं. पाहुणे आले तरी तो जागचा हलेना, नुसती शेपटी लादीवर आपटायचा. सोफ्याकडे बघायचा आणि खालीच बसायचा. कुरिअरवाल्याने तर एकदा दारातून वाकून विचारलं की कुत्रा आहे ना अजून. समोरच्या दारच्या वहिनींनी आजवर त्याच्याबद्दल एक बरा शब्द काढला नव्हता. त्यासुद्धा म्हणाल्या की भावजी, अगदी माणसात आला हो तुमचा कुत्रा.

आता याचं श्रेय कोणीतरी घ्यायला हवं होतं, ते मी घेतलं. दिवाळीपासून मी त्याला रोज जेवणाआधी पाच मिनिटं ‘बस’ म्हटल्यावर बसायला शिकवत होतो. त्याचाच हा परिणाम, असं मी ठरवून टाकलं. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. शेअर रिक्षात आम्ही ठरलेली माणसं असतो आणि त्या हिवाळ्यात त्यांनी माझ्याकडून कुत्र्याच्या शिस्तीवर बरंच ऐकून घेतलं. आवाज चढवायचा नाही, पण नजर ठेवायची, असं मी सांगायचो. एकाने तर पिल्लू आणलं होतं, तो लिहून घ्यायचा बाकी होता.

बायकोला मात्र हे वळण पटत नव्हतं. ती म्हणायची, सकाळी उठताना बघा त्याला. आधी पुढचे पाय टेकतो, मग थांबतो, मग मागचा भाग ओढून घेतो. लादीवरून चालताना भिंतीच्या कडेने चालतो. मागच्या गुडघ्याजवळ सारखं चाटून केस तांबडे झालेत. मी म्हणालो, थंडी आहे, वय झालं. शिवाय माझ्याकडे धंद्यातला पुरावा होता. मशीनचं बेअरिंग गेलं की ते ओरडतं, बेल्ट सैल झाला की शिट्टी मारतो. आमचा कुत्रा कुंई करत नव्हता, लंगडत नव्हता, जेवण तर ताट चाटून पुसून. माझ्या हिशोबाने तक्रार नसलेलं मशीन चालू असतं.

एका संध्याकाळी फिरून येताना तो पहिल्या मजल्यावर बसला तो उठेचना. मी ‘चल’ म्हटलं, आवाज चढवला, नजरही ठेवली. शेवटी कमरेला हात घालून त्याला उचलायला गेलो, तर त्याने वळून माझ्या हाताला दात लावले. रक्त नाही आलं, पण इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. मी त्याला कसाबसा वर आणला आणि तासभर बाल्कनीत कोंडला. तिथे त्याने भुंकून दार मागितलंसुद्धा नाही, आणि मला वाटलं, शिस्त मुरतेय.

पुढच्या आठवड्यापासून त्याला उचलून चढवणं हेच माझं काम झालं. सव्वीस किलोचा कुत्रा, तीन मजले, दिवसातून दोनदा आणि वय माझं सत्तावन्न. माझी कंबर धरली. त्यात तो एकदा हॉलमध्येच ओलं करून बसला. तेव्हा मी जेवताना विषय काढला. बायकोच्या मोठ्या भावाचं घर बारवी धरणाच्या बाजूला गावात आहे, बैठं घर, मोठं अंगण. दादा गुढीपाडव्याला टेम्पो घेऊन येणारच आहेत, तोपर्यंत हा आपल्या पायाने जिना चढायला लागला नाही तर त्यांच्याबरोबर गावी पाठवू. मोकळ्या हवेत बरं वाटेल त्याला.

बायकोने भाकरी थापायची थांबवली.

“चढता येत नाही म्हणून घराबाहेर काढायचं असेल तर मला आत्ताच सांगून ठेवा,” ती म्हणाली. “गुडघे मलाही आहेत.”

तरी पाडवा ठरला तो ठरला. आता तिला घाई झाली. मला मात्र डॉक्टरकडे जाण्याआधी आपला उपाय करून बघायचा होता. माझ्या कमरेसाठी आणलेली अंगदुखीची गोळी मी चपातीच्या तुकड्यात नीट गुंडाळून त्याला दिली. त्याने चपाती खाल्ली, गोळी तेवढी जिभेने बाहेर काढून माझ्या चपलेवर ठेवली. दुसऱ्या दिवशीही तेच. माझी तिसरी युक्ती गुळाची होती, पण त्याआधी बायकोने उल्हासनगरच्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

बाईंनी फोनवरच सांगितलं होतं की घरातल्या चालण्याचा, उठण्याचा व्हिडिओ काढून आणा. मला ते फाजील वाटलं, कुत्राच घेऊन येतोय की. पण बायकोने काढला. बरं झालं, कारण दवाखान्यात शिरल्याबरोबर आमचे महाराज छाती काढून असे चालले की परेडला उभे करावेत. नवीन जागा, नवीन वास, समोर एक मांजर. मागचं दुखणं कुठल्या कुठे. मी बायकोकडे बघितलं. बाईंनी मात्र कुत्र्याकडे न बघता आधी मोबाइल बघितला. मग त्याच्या दोन्ही मांड्यांवर हात फिरवून मला म्हणाल्या, इथे हात लावा. मागच्या मांड्या पुढच्या खांद्यांच्या मानाने वाळून गेल्या होत्या. रोज उचलत होतो, पण ते माझ्या हाताला कधी कळलं नव्हतं. नखं बघितली, मागची घासून एका बाजूने झिजलेली. मग एक्स-रे. खुब्याचे दोन्ही सांधे झिजलेले निघाले.

मी तरीही विचारलं की हा ओरडत कसा नाही. आणि थोडं अभिमानाने सांगितलं की उलट तीन महिन्यांत त्याला चांगली शिस्त लागलीय. उडी मारत नाही, धावत नाही, सोफ्यावर चढत नाही.

“अंकल, ये शिस्त नहीं है,” बाई शांतपणे म्हणाल्या. “दुखतंय त्याला. कुत्रा रडत नाही, काम बंद करतो.”

मला लाज वाटली. बाल्कनीतला तो तास आठवला आणि जास्तच वाटली. रिक्षातल्या लोकांना मी तीन महिने एका जनावराचं दुखणं शिस्त म्हणून विकलं होतं. गोळीचं सांगितलं तेव्हा तर बाईंनी चष्मा काढला. माणसांची ती गोळी कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला घातक असते, जिवावरही बेतू शकतं, असं त्या म्हणाल्या. मग कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवून त्याला हिंदीत सांगितलं की या घरात तुलाच जास्त समजतं.

औषध त्यांनी त्याचं वेगळं दिलं, तेही पोटात अन्न गेल्यावरच. वजन कमी करा म्हणाल्या, आणि बायकोने तुपाच्या चपातीबद्दल माझ्याकडे बोट दाखवलं. रविवारचं लांब फिरणं बंद, रोज तीनदा थोडं थोडं. लाद्यांवर घसरू नये म्हणून पायपुसणी अंथरा. जिना शक्यतो नको, आणि चढायलाच लागला तर पोटाखालून पट्टा घालून मागचा भार आपण घ्यायचा.

पट्टा शिवायला आम्ही तिथेच एका जीन्स शिवणाऱ्याकडे गेलो. कापड मजबूत हवं होतं आणि त्याच्याकडे गठ्ठेच्या गठ्ठे होते. त्याने कुत्र्याच्या कमरेला टेप लावला आणि अगदी गंभीरपणे विचारलं की फिटिंग ठेवू की लूज. मग खिसा पाहिजे का, असंही विचारलं. मी नको म्हणालो, पण बायको हो म्हणाली, औषधाची पट्टी ठेवायला. असा आमचा कुत्रा निळी जीन्स कमरेला बांधून बदलापुरात फिरू लागला.

घरी मी कारखान्यासारखं शिफ्टचं रजिस्टर सुरू केलं. पहिली पाळी, दुसरी पाळी, उठायला किती वेळ लागला, किती पायऱ्या, कुठे थांबला. सवयीने शेवटच्या रकान्यात मी लिहायचो, ‘तक्रार नाही’. बायको ते खोडायची आणि लिहायची, ‘विचारलं का?’ महिनाभरात उठण्याचा वेळ निम्म्यावर आला. तो पुन्हा आळोखेपिळोखे देऊ लागला, एकदा तर दुधाच्या पिशवीवरून समोरच्या वहिनींशी वाद घातला. पण जिना मात्र पट्ट्याशिवाय नाही. मी मागून धरायचो, दोनदा थांबायचो, तेव्हा तिसरा मजला यायचा. आणि माझी अट तर आपल्या पायाने चढण्याची होती. मोडावी असं रोज वाटायचं, पण बोललेला शब्द मागे घ्यायची मला सवय नाही.

पाडव्याला दादा आले. खाली टेम्पो, त्यात कुत्र्यासाठी पेंढा अंथरलेला. बायको दाराकडे पाठ करून पुऱ्या तळत होती. दादांना पाणी दिलं, कैऱ्यांची गोणी आत घेतली, आणि पट्टा शोधताना लक्षात आलं की कुत्रा घरात नाही. दार उघडंच राहिलं होतं. मी खाली धावलो, पार गेटपर्यंत. तिथून वहिनींचा आवाज ऐकू आला, तो खालून नाही, गच्चीवरून.

मी चार मजले कसा चढलो माहीत नाही. गच्चीवर वहिनींनी जुन्या साडीवर साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातल्या होत्या, आणि साडीच्या मधोमध आमचा कुत्रा बसून त्या ओल्याच खात होता. वहिनी चांगल्याच तापल्या होत्या. दोन दिवसांची मेहनत, म्हणाल्या, आणि याला काही लाज आहे का. मी त्यांना विचारलं की याला वर कोणी आणलं. कोणी नाही, एकटाच आला, त्या म्हणाल्या, मी वळून बघते तर हा शेवटच्या पायरीवर. मी त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला मी पापड्या गोळा करायला बसलो.

पट्टा घालून त्याला सावकाश खाली आणला. तो धापा टाकत दारातच आडवा झाला, मिशांना साबुदाणा लागलेला. संध्याकाळी हे ऐकून डॉक्टरीणबाई मला पुष्कळ बोलल्या, की औषधाने दुखणं दबतं, सांधा नवा होत नाही, त्याला गच्ची चढू देऊ नका. ते नंतरचं. तेव्हा दादा उठले आणि म्हणाले, चला, न्यायचं ना याला.

“नाही जमायचं, दादा,” मी म्हणालो. “याला अजिबात वळण नाही. तुमच्या अंगणात एक कोंबडी शिल्लक ठेवायचा नाही हा.”

दादांनी कुत्र्याकडे बघितलं. तो ज्या अवस्थेत पडला होता, त्यात कोंबडीनेच येऊन तोंडात बसायला हवं होतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले की हो, कोंबड्यांचा प्रश्न आहेच. आम्ही जेवायला बसलो. टेम्पो रिकामा गेला.