विसाव्यानंतरचा आकडा

नागापूर एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात दूध थंड करणाऱ्या टाक्यांचे कंट्रोल बोर्ड बनतात. त्यांच्या चिपमधला प्रोग्राम मी लिहायचो आणि त्याचा मला भलताच माज होता. माझी हत्यारं दोनच. चिपमध्ये प्रोग्राम भरणारं एक स्वस्तातलं यंत्र, आणि प्रोग्राम कुठवर पोचला ते स्क्रीनवर छापून बघायची सवय. यापेक्षा जास्त मागणाऱ्याची मी चहाच्या वेळी चारचौघांत सालटी काढायचो.

राजूरकडची एक मुलगी सहा महिन्यांच्या बोलीवर इंजिनिअर म्हणून आली. तिला कायम करायचं की नाही, हे माझ्या शब्दावर होतं. पहिल्याच महिन्यात तिने डीबगर मागितला. चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवून चिपच्या आत काय चाललंय ते दाखवणारं हे यंत्र. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं." लोक हसले. तीही कसनुसं हसली, आणि मला बरं वाटलं.

मग संगमनेरच्या एका डेअरीतून तक्रार आली. बोर्ड चालता चालता मध्येच गोठतो, टाकी थंड करणं थांबतं, दूध नासतं. मी ते काम मुद्दाम तिच्या गळ्यात मारलं, तेही माझ्याच हत्यारांनिशी. तिने छापायच्या ओळी घातल्या की बोर्ड नीट चाले, काढल्या की पुन्हा गोठे. आठ दिवस ती त्यातच अडकली होती. मी रोज विचारायचो, "काय मॅडम, सापडलं का भूत?"

नवव्या दिवशी तिने संगमनेरच्या आपल्या कॉलेजातून डीबगर मागून आणला. कुठली ओळ मेमरी बिघडवते ते बघायला तिने सापळा लावला आणि अर्ध्या तासात प्रोग्राम तिथेच थांबला. तिने मला एकट्याला बोलावलं.

"सर, तापमानाच्या वीस आकड्यांची जागा हाय, अन् ही ओळ एकविसावा लिवती. वरचा आकडा शेजारच्या जागेवर पडतोय. छापायच्या ओळी घातल्या की जागा सरकती, म्हनून तवा बिघडत न्हाई." मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "ओळ तुमची हाय. मी कुनाला सांगत न्हाई."

तिने आरडाओरडा केला असता तर मी कदाचित माफी मागितली असती. तिने मला सांभाळून घेतलं, तेच मला झोंबलं.

मालकांना मी सांगितलं, दोष सापडला, दुरुस्त केला. कोणी शोधला ते त्यांनी विचारलं नाही, मीही बोललो नाही. "आणि ती मुलगी? ठेवायची का?"

"हुशार आहे," मी म्हणालो, "पण उसन्या यंत्राशिवाय तिचं पान हलत नाही."

सहा महिने भरले तशी ती गेली. डीबगर कॉलेजात परत करायचा होता, म्हणून तिने तो नीट गुंडाळून पिशवीत घातला, आणि जाताना माझ्या पाया पडली. मी आशीर्वादही दिला.

पुढच्याच सोमवारी मी नव्या डीबगरचा मागणी अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'याशिवाय काम होऊ शकत नाही.' मालकांनी लगेच सही केली.