तांड्याची पोट्टी अन् आमची पोट्टी

आमच्याकडे जत्रेच्या दंगलीत वजनकाटा नव्हता. पंच दोन गड्यांना लंगोटावर शेजारी उभं करायचे, खांद्याला खांदा लावून पाहायचे, मांड्या चाचपायचे, मग कुस्तीची जोड ठरवायचे. गडी कुठला तेही विचारायचे. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा असला तर टांगा लांब, पळण्यात पक्का. मोहल्ल्यातला असला तर छाती भरलेली, पण दम कमी. आम्ही भाजी पिकवणारे माळी म्हणजे पाय आखूड अन् कंबर लोखंडाची. मला तर लोक म्हणत, "बसला तं पहिलवान, उभा राह्यला तं पोट्टं." असं म्हणणारे पुष्कळ मी पाठीवर पाडले.

नात माझ्यावरच गेली. शाळेत धावायची अन् मागे राहायची. आमच्या वाशिमकडच्या मालेगावातल्या जिमचा उस्ताद म्हणजे माझ्यासोबत आखाड्यात खेळलेल्या एका बांगडीवाल्याचा पोरगा. त्यानं तिला नीट पाहिलं.

"चाचा, हिले पळवू नका. पाय आखूड, हात लांब. जमिनीवरून बार उचलाले अशीच पाह्यजे."

"ते आमच्या माळ्यांतच हाये," मी म्हणालो.

"माळी गिन मले समजत नाही चाचा. मी हाडं पाह्यतो."

वाशिमला जमिनीवरून बार उचलण्याच्या स्पर्धेची जिल्ह्याची निवड होती. एका वजनगटातून एकच पोरगी पुढे विभागाला जाणार. नातीच्या गटात भारी अशी दुसरी एकच होती, तांड्यावरची. प्रत्येकीला तीन संधी, अन् पहिलं वजन आधी टेबलावर सांगावं लागतं.

ती पोरगी गुडघ्यापर्यंत येणारं जाकीट घालून बसली होती. मी नातीला बाजूला घेतलं. "हलक्यानं सुरू कर. तांड्याची हाये, पळणारी जात. तिच्याच्यानं होत नाही."

"आबा, तुमी तिचं गाव पाहून राह्यले. मांड्या पाहा."

"मले शिकवतं काय?"

"शिकवत नाही, सांगून राह्यली." अन् टेबलावर जाऊन तिनं चांगलं जड वजन सांगितलं.

मी रागानं मागच्या बाकावर जाऊन बसलो. शेजारी लाल पागोट्याचा एक म्हातारा होता.

"ते आखूडशी पोट्टी तुमची काय?"

"माही नात."

"हौ? मी आमच्या नातीले सांगतलं, भाजीवाल्याची हाये, मेथीच्या जुड्या उचलणारी. पह्यले हलकं घे, जोर राखून ठेव."

माझं डोकंच तापलं. "अन् तिनं ऐकलं?"

"ऐकलं. आमची पोरगी शब्दाबाहेर नाही."

तेवढ्यात त्या पोरीनं जाकीट काढलं. उंची आमच्या नातीएवढीच, पाय नातीहून आखूड, अन् मांड्या अशा की पंचांनी हात न लावताच जोड ठरवली असती.

आमचीनं पहिलं वजन थरथरत उचललं. तांड्याच्या पोरीनं आपलं हलकं वजन पाण्याची घागर उचलावी तसं उचललं. दुसऱ्या वेळी दोघींनी वाढवलं, दोघींनी उचललं, पण ती अजून बरीच मागे होती. तिसऱ्या वेळी आमचीचा बार गुडघ्यापर्यंत आला अन् खाली गेला. आता तांड्याच्या पोरीला पुढे जायला एकदम मोठी उडी घ्यावी लागली. बार गुडघ्यावर आला, मांडीला लागला, अन् बोटं सुटली.

आमची गेली विभागाला.

"अजून एक डाव पाह्यजे होता तिले," म्हातारा म्हणाला. खरं होतं. एक डाव त्यानंच हलक्यात घालवला होता.

त्याची नात पिशवी घ्यायला आली. डोळे लाल होते.

"पुढच्या साली पाहू बाई," तो म्हणाला.

"पुढच्या साली तुमी घरीच राहा."

आमची नात मोठ्यानं हसली. त्या पोरीलाही हसू आलं. आम्ही दोघे म्हातारे मात्र हसलो नाही.

परतताना बसमध्ये मी नातीला सांगितलं, विभागाला मी येणार.

"या ना आबा. पण टेबलापाशी यायचं नाही, अन् मले काही सांगायचं नाही."

मी अजून हो म्हटलेलं नाही.