मांडवाखालची गॅसलाइन

नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत माझ्या नोकरीबद्दल एकच समज आहे: ही बाई गॅसची आहे. त्यामुळे कुणाचा सिलिंडर उशिरा आला की माझं दार वाजतं. माझा सिलिंडरशी काही संबंध नाही, हे सांगून मी थकले. जमिनीखालून जी मोठी गॅसलाइन जाते ती चालवणारी कंपनी सुरक्षिततेचे नियम पाळते की नाही, हे सरकारतर्फे तपासायचं, एवढंच माझं काम. शेजारच्या काकू सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी म्हणतात, "ते झालं गं. पण आमचा नंबर कधी लागतोय, तेवढं बघ की."

तपासणीचं काम बाहेरून फार रुक्ष दिसतं, आणि खरं सांगायचं तर बरंचसं असतंच. पाइप ज्या शेतातून जातो ते शेत शेतकऱ्याचंच राहतं. भात लावा, भाजी लावा, कुणी अडवत नाही. फक्त त्या पट्ट्यावर बांधकाम करायचं नाही, विहीर खणायची नाही, मोठं झाड लावायचं नाही आणि वरची माती काढायची नाही. पट्टा ओळखू यावा म्हणून कंपनीने पिवळे खांब लावायचे. रोज एका माणसाने पट्ट्यावरून चालत जायचं आणि काय दिसलं ते रजिस्टरमध्ये लिहायचं. मग आम्ही जायचं आणि ती रजिस्टरं वाचायची.

माझे साहेब तेव्हा निवृत्तीला आले होते. कोकणातल्या ज्यू घरातले, अलिबागकडचे. भाऊबंद बहुतेक इस्रायलला गेलेले, हे मात्र इथेच राहिले. बोलणं इतकं शुद्ध मराठी की आमची टिपणं वाचताना ते आधी ऱ्हस्व-दीर्घ सुधारत आणि मग मुद्द्याला हात घालत. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ, म्हणजे धर्माने सांगितलेला विश्रांतीचा दिवस, सुरू आणि फोन बंद, तो शनिवारी चांदण्या दिसल्यावरच सुरू. ऑफिसात सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि एरवी त्यावाचून कुणाचं काही अडत नसे.

माझं अडलं ते एका शनिवारी.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी आपटा गावाच्या बाजूला तपासणीला गेले होते. कंपनीचे देखभाल प्रमुख माझ्याबरोबर होते. पन्नाशीचे, गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी मला नव्याने रंगवलेले व्हॉल्व्ह दाखवले, पडद्यावर तक्ते दाखवले, बटाटेवडे खिलवले. मी गस्तीचं रजिस्टर मागितलं. चार महिन्यांच्या प्रत्येक पानावर एकच वाक्य होतं: 'सर्व ठीक.' अक्षर एक, शाई एक, शब्दांमधलं अंतरसुद्धा एक. पावसाळ्यात पाताळगंगेला पूर आला होता, त्या दिवशीही सर्व ठीक.

"हा माणूस पुरातून चालत गेला होता का?" मी विचारलं.

देखभाल प्रमुख हसले. "मॅडम, अनुभवी माणूस आहे."

मी म्हटलं, "मग उद्या आपण त्याच्याच वाटेने चालू."

शनिवारी सकाळी आम्ही निघालो: मी, देखभाल प्रमुख आणि जमिनीखालचा पाइप शोधायचं यंत्र घेतलेले त्यांचे दोन तंत्रज्ञ. पहिला तास बरा गेला. पिवळे खांब जागच्या जागी होते, कापलेल्या भाताचे खुंट पायाला टोचत होते, आणि देखभाल प्रमुख मला त्यांच्या मुलीच्या बारावीच्या मार्कांबद्दल सांगत होते. नंतर एका गावाजवळ आल्यावर खांब दिसेनासे झाले. एक नाही, दोन नाहीत, सलग पाच गायब. आणि जिथे सहावा असायला हवा होता तिथे एक भलामोठा मांडव उभा होता.

लाल-पिवळा कापडी मांडव, झेंडूच्या माळा, प्रवेशाला केळीचे खुंट. एका बाजूला जनरेटर, दुसऱ्या बाजूला विटांच्या तीन चुली, त्यातली एक पेटलेली. बायका सुपातून तांदूळ पाखडत होत्या. त्या दिवशी जागेच्या मालकांकडे मुलीची हळद होती आणि दुसऱ्या दिवशी लग्न.

यंत्र घेतलेला तंत्रज्ञ मांडवातून हळूहळू चालत गेला. मधोमध थांबला, यंत्राकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मला हाताने खूण केली. पाइपावर निदान मीटरभर माती हवी. यंत्र जेमतेम दीड फूट दाखवत होतं.

तेवढ्यात नवरीची आई बाहेर आली. काष्ट्याची हिरवी साडी, केसांत अबोलीचा गजरा, हाताला तांदळाचं पीठ. "कोन तुमी? काय झाला?"

मी ओळख सांगितली आणि विचारलं, "इथली माती कुणी काढली का?"

"हितं टेकाड व्हता ना. मागल्या उन्हाल्यात एक ठेकेदार आला, म्हनाला भरावाला माती पायजे, तुमची जागा सपाट करून देतो. आमाला बरंच झाला. लगनाला जागा झाली."

"आणि ते पिवळे खांब?"

"त्ये त्यानंच उपटून बाजूला ठेवलं. तिकडं गोठ्याला टेकून हायेत बगा."

मी देखभाल प्रमुखांकडे पाहिलं. ते गोठ्याकडे पाहत होते. इतके महिने त्यांचा अनुभवी माणूस रोज इथून चालत गेला होता आणि सर्व ठीक होतं.

तरीही ते म्हणाले, "मॅडम, तात्पुरता मांडव आहे. परवा निघेल. कशाला शुभकार्यात विघ्न? सोमवारी आम्ही माती टाकून घेतो."

खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही तेच सोयीचं वाटलं. साहेबांशिवाय मी कधी जागेवर लेखी आदेश दिला नव्हता. शनिवार असल्याने त्यांना फोन लावण्यात अर्थ नव्हता. आणि समोर सगळं गाव नटूनथटून बसलेलं.

मग माझी नजर मुहूर्तमेढीवर गेली. मांडवाची पहिली मेढ ती, लग्नाआधी पूजा करून रोवतात. उंबराची हिरवी फांदी, तिला हळदीत भिजवलेला कपडा बांधलेला. ती मांडवाच्या मध्यापासून जरा कडेला होती. मी सहज विचारलं, "मेढीचा खड्डा किती खोल घेतलात?"

उत्तर नवरीच्या मामाने दिलं. "दोन हात घेनार व्हतो. पन पैलं खनला तितं खाली दगड लागला. काला, गुलगुलीत. पहारीचं दोन-तीन घाव घातलं, हलंना. मंग खड्डा बुजवला नि चार हात बाजूला घेतला."

देखभाल प्रमुखांचा चेहरा एकदम उतरला. आपट्याच्या त्या मातीत काळा गुळगुळीत दगड सापडत नाही. गंज लागू नये म्हणून पाइपावर जे जाड आवरण चढवतात, ते मात्र काळं आणि गुळगुळीत असतं.

"चूल विझवा," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण मला तो साहेबांसारखा वाटला. "जनरेटर बंद करा. सगळ्यांनी त्या पिंपळाकडे चला, सावकाश, धावायचं नाही. आणि तुम्ही," मी देखभाल प्रमुखांना म्हटलं, "आत्ता नियंत्रण कक्षाला फोन करा आणि या भागातला दाब कमी करायला सांगा. माझ्यासमोर."

त्यांनी लगेच फोन लावला. दुसऱ्या तंत्रज्ञाने गॅस हुंगणारं यंत्र काढलं आणि तो बुजवलेल्या खड्ड्याजवळ गुडघ्यावर बसला. आम्ही सगळे पिंपळाखालून त्याच्या पाठीकडे पाहत होतो. दोन मिनिटं, पाच मिनिटं. मग त्याने वळून दोन्ही हात हवेत नाचवले. गळती नव्हती. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, का ते नीट न कळताही सगळ्यांनी वाजवल्या.

मी वहीच्या पानावर, उभ्याउभ्या, आदेश लिहिला: मांडव पाइपच्या पट्ट्यावरून हलवावा, खणून पाइपाची तपासणी होईपर्यंत दाब कमीच ठेवावा, कंपनीने इथे चोवीस तास माणूस ठेवावा. खाली सही केली. देखभाल प्रमुखांनी पोच दिली.

आता खरी अडचण उभी राहिली. नवरीची आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मांडव हलवू. कापड हाय, बांबू हायेत, हलवू. पन मेढ? देवाला सांगून रोवल्याली मेढ उपटायची कशी? माज्या पोरीच्या लगनात अपशकुन नाय चालनार."

कायद्यात यावर कलम नव्हतं. बायकांत कुजबुज सुरू झाली. मामा म्हणाला मेढ राहू दे, मांडव तेवढा हलवा. मेढीशिवाय मांडव कसला, म्हणून त्याला दोघींनी गप्प केलं. सगळ्यांच्या माना शेवटी एकीकडेच वळल्या.

पिंपळाच्या पारावर एक म्हातारी बाई बसली होती. ती धवलारीण. आगरी घरात लग्न लावायचा मान भटजीआधी तिचा. तिची गाणी झाल्याशिवाय पान हलत नाही. आता तिने मला जवळ बोलावलं.

"बाय, खाली काय हाय, नीट सांग."

मी सांगितलं. दाबाचे आकडे सांगितले नाहीत, नियमांची कलमं सांगितली नाहीत. म्हटलं, "आजी, जमिनीखालून गॅस चाललाय. लांबून येतो, पुढे शहराला जातो. त्याच्या नळावर पहार बसली आहे. कितपत लागलंय ते खणून बघेपर्यंत मला माहीत नाही. तोवर त्याच्यावर चूल पेटवायची नाही आणि माणसं बसवायची नाहीत."

तिने मेढीकडे पाहिलं. मग उठली, पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मेढ उपटायची नाय. चालवायची. नवरी नाय का एका घरशी निगून दुसऱ्या घरी चालत जात? तिला कोन उपटली म्हनतो का? तशी मेढ चालंल."

एका क्षणात सगळं सुटलं. नवरीची आई हसली, डोळे पुसले, आणि पीठ डोळ्यात गेलं म्हणून आणखी हसली.

त्या दुपारी मी जे पाहिलं ते कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. धवलारीण पुढे, गात. तिच्या मागे मेढ, पाच सवाष्णींच्या हातांवर आडवी, लहान बाळासारखी. मागे वाजंत्री. त्यांच्या मागे बांबू, कापड, झेंडूच्या माळा, खुर्च्यांच्या चळती, हंडे, परातींचा मोर्चा. कंपनीचे तंत्रज्ञ निळ्या गणवेशात बांबू खांद्यावर घेऊन ताल धरत होते. देखभाल प्रमुखांच्या डोक्यावर तांदळाचं पोतं होतं आणि तेही कधी नव्हे ते मनापासून हसत होते. नवी जागा ठरली होती देवळामागच्या पटांगणात, पाइपपासून चांगली लांब. मी आधी यंत्राने खात्री करून घेतली होती. माझ्या हातात कुणीतरी हळदीची परात दिली. मीही निघाले.

मेढ नव्या जागी रोवली. चुली पुन्हा रचल्या. हळद दोन-अडीच तास उशिरा लागली, पण कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. मी निघायच्या बेतात होते तेव्हा नवरीने स्वतः मला हाक मारली. तिचा चेहरा, हात, कान सगळं पिवळंजर्द. म्हणाली, "मॅडम, माजा मांडव तुमी हलवला. आता हलद लावल्याबिगर जायाचा नाय." आणि दोन्ही गालांवर दोन पंजे उमटले. मी तशीच गाडीत बसले. सोसायटीच्या फाटकावर वॉचमनने विचारलं, "मॅडम, कुणाचं लग्न?" मी म्हटलं, "गॅसलाइनचं."

सोमवारी मी साहेबांपुढे माझा आदेश ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. एक वेलांटी सुधारली. मग म्हणाले, "मी असतो तर दोन ओळी जास्त लिहिल्या असत्या. त्या लागल्या नसत्या." तीस वर्षांत त्यांनी कुणाचं एवढं कौतुक केल्याचं ऑफिसात कुणाला आठवत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात पाइप उघडला. खड्ड्याभोवती दोरी बांधली होती आणि दोरीबाहेर अख्खं गाव, देवदर्शनाला यावं तसं. काळ्या आवरणावर पहारीच्या तीन खुणा होत्या. दोन वरवरच्या. तिसरी आवरण फोडून पोलादापर्यंत पोचली होती. पोलादाला मात्र ओरखडाच. तसाच मातीखाली राहिला असता तर गंजाने तिथूनच पाइप खाल्ला असता, हळूहळू, वर्षानुवर्षं, रजिस्टरात सर्व ठीक असताना.

कंपनीला नोटीस गेली. सुनावणीला कंपनीचे लोक जाड फाइल घेऊन आले, साहेबांनी त्यातलं गस्तीचं रजिस्टर तेवढं बाहेर काढलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "सर्व ठीक. सर्व ठीक. सर्व ठीक." सातव्या पानाला देखभाल प्रमुखच म्हणाले, "पुरे सर, मान्य आहे." कंपनीला दंड झाला. सगळी लाइन पुन्हा चालून तपासावी लागली, आणखी तीन ठिकाणी माती कमी सापडली, तीही भरली. आता गस्तीला गावातलीच माणसं असतात. आमच्या त्या भागात नवरीचा मामा आहे. त्याचं रजिस्टर वाचायला मला फार आवडतं. 'आज खांबावर बगला बसला. खांब बरा हाय.' साहेबांनी निवृत्तीआधी ते एकदा वाचलं आणि एकही ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं नाही.

आवरण दुरुस्त होऊन खड्ड्यात माती पडली त्या दिवशी मी तिथेच होते. पाइपावर पुरेशी माती आली, वर गोठ्याला टेकून ठेवलेले पिवळे खांब परत उभे राहिले. नवरीची आई शेजारी येऊन उभी राहिली. लेक सासरी नीट रमली होती, हे तिने आधी सांगितलं. मग त्या ताज्या मातीकडे बघत म्हणाली, "आता हितं काय लावू? आंबा?"

"आंबा नको. मुळं खोल जातात."

"मंग भेंडी?"

"भेंडी चालेल," मी म्हटलं.

"आनि वाल?"

"वालही चालेल."

तिने साडीचा काष्टा घट्ट केला आणि तिथेच वाफ्याची रेघ ओढायला घेतली.