काळुरामचा नमुना

आमचा काळुराम हमरापुरातलाच, गणपतीच्या कारखान्यात वाढलेला. मी त्याची आत्या, पुतळी. शेजारीच राहते म्हणून सांगते, हात सोन्याचा, पण डोकं म्हणजे निव्वळ भोपळा.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलेना. माझी वहिनी बायजाबाई, म्हणजे त्याची आई, सगळं सुनेच्या माथी मारून मोकळी. सून मालू बिचारी खांब गावची, तोंडातून शब्द नाय. तिला काढे पाजले, अंगारे लावले, उपास करवले. पोरालाही तपासा म्हटलं, तर वहिनी माझ्यावरच खेकसली. पुरुषात कधी खोट असते काय, म्हणे! शेवटी तिनं रोह्याकडची एक मुलगी बघून ठेवली. गणपती झाले की मालूची रवानगी खांबला, माहेरी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मीच मालूला पेणला डॉक्टरीणबाईंकडं नेली.

तपासून बाई म्हणाल्या, हिच्यात काय दोष नाय, आता नवऱ्याला पाठवा, त्याचा नमुना बघायचाय. मालूनं घरी लाजत लाजत तेवढंच सांगितलं, बाईंनी तुमचा नमुना मागितलाय.

आता हमरापुरात नमुना म्हणजे काय? व्यापारी ऑर्डर द्यायच्या आधी एक मूर्ती बघायला मागतो, ती. काळुराम खूश. त्यानं हातभर बालगणेश रंगवला, डोळे स्वतः आखले, पेपरात गुंडाळून आमच्याबरोबर पेणला आला आणि बाईंच्या टेबलावर ठेवला. पसंत असला तर पाहिजे तेवढे देतो, म्हणाला.

नर्स तोंड दाबून बाहेर पळाली. बाईसुद्धा हसल्या, मग त्यांनी खरं काय ते समजावलं. काळुराम कानापर्यंत लाल होऊन बाहेर आला आणि थेट एसटी स्टँडची वाट धरली. मी काय बोलणार त्याच्या आधी मालूच आडवी उभी राहिली.

"मी एवढे काढे प्यायले," ती म्हणाली. "तुम्ही एवढं एक करा."

तो परत आत गेला.

शुक्रजंतू कमी निघाले. बाईंनी विचारलं, दिवसभर काय करता? पावसाळ्यात मूर्ती सुकवायला बंद शेडमध्ये मोठे दिवे लावतात, त्यांच्या मधोमध हा मांडी घालून बसायचा. अंगात घट्ट पँट, गालात तंबाखू, नाकात थिनरचा वास. बाई म्हणाल्या, ह्या सगळ्यानं बी कमी होतं. सोडलंत तर सुधारू शकेल, खात्री देत नाही, तीनेक महिन्यांनी परत बघू.

घरी आलो तर वहिनी नवं लुगडं नेसून रोह्याला निघालेली. काळुराम उंबऱ्यातच उभा राहिला.

"आये, माती चांगली हाय," तो म्हणाला. "खोट कारागिरात हाय."

वहिनी नवं लुगडं बदलायला आत गेली. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

तंबाखू काय लगेच सुटली नाय. मालू त्याच्या खिशात बडीशेप भरायची, तो शिव्या देत चघळायचा. दिवे लावून बाहेर यायचं, वाऱ्यावर ओटीवर लुंगी लावून डोळ्यांची आखणी करायची, अशी सवय त्यानं लावून घेतली. गावानं लुंगीची थट्टा केली, तोही हसला. दुसऱ्या खेपेला तपासणी बरी आली. पुढच्या वर्षी गणपती गावोगाव रवाना होत होते, तेव्हा मालूला मुलगी झाली. तो बालगणेश बाईंच्या टेबलावरच आहे, त्या काय परत देत नाहीत.

आणि वहिनी? आता नळावर कुणी सासू सुनेला वांझ म्हणत तिच्या नावानं बोटं मोडायला लागली, की हंडा खाली ठेवते.

"अगो, आधी लेकाचा नमुना दे," म्हणते. "आणि मूर्ती नको नेऊस."