काकूंचं यॉर्कशर पुडिंग

बोलता बोलता काकू समोरच्याचं मनगट हातात घ्यायच्या. आपल्याला वाटायचं, किती मायेनं हात धरलाय. तेवढ्यात त्या मान हलवून म्हणायच्या, ‘‘हं, चालू आहे!’’ म्हणजे आपली नाडी. मग मनगट सोडून गप्पा पुढे सुरू. लंडनच्या कडेला असलेल्या हॅरोतल्या आमच्या रस्त्यावर त्यांनी नाडी तपासली नाही असा माणूस सापडणं कठीण. पोस्टमन तर पार्सल देतानाच हात पुढे करायचा.

काकू भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. सोलापूरहून ऐन तिशीत इथे आल्या, इथल्याच एका हॉस्पिटलमध्ये नोकरी केली आणि तिथूनच रिटायर झाल्या. ‘‘सर्जन कापतो, शिवतो, कॉफी प्यायला जातो. माणूस जिवंत ठेवायचं काम आमचं. नजर हटवायची नाही!’’ हे त्या इतक्यांदा म्हणायच्या की माझा नवराही गाडी पार्क करताना पुटपुटायचा, ‘‘नजर हटवायची नाही.’’ कारण काकू समोरच्या खिडकीतून बघत असायच्या.

आम्ही दोघं पुण्याहून नोकरीसाठी आलो आणि त्यांच्या समोरच्या घरात भाड्यानं राहायला लागलो. काकूंचे यजमान गेलेले, मुलगी लेस्टरला. त्यांच्या शेजारच्या घरात मॉरीन राहायची. तिचंही लग्न कधीच संपलेलं. मॉरीन मूळची यॉर्कशरची, काकूंच्याच हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरमधली नर्स. नव्यानं आलेल्या, थंडीनं गारठलेल्या काकूंना पहिल्यांदा रविवारी जेवायला बोलावलं ते तिनं. तेव्हापासून रविवारचं दुपारचं जेवण मॉरीनकडे, हे ठरूनच गेलं होतं. आणि त्या जेवणाचा राजा म्हणजे यॉर्कशर पुडिंग.

नावात पुडिंग असलं तरी हे गोड नसतं बरं का. मैदा, अंडी आणि दुधाचं सरसरीत पीठ कडकडीत तापलेल्या तेलात ओतायचं आणि ओव्हनमध्ये ठेवायचं. ते फुगून टम्म होतं, मधे खळगा पडतो. त्या खळग्यात ग्रेव्ही ओतायची. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. मॉरीनची आई करायची, मग मॉरीन करायला लागली. ‘‘मला या देशात राहावंसं वाटलं ते ह्याच्यामुळे,’’ काकू म्हणायच्या, ‘‘हवेमुळे तर नक्कीच नाही.’’

एका रविवारी दुपारी काकू घरीच दिसल्या. पुढच्या रविवारीही. मी विचारलं, ‘‘काय काकू, आज मॉरीनकडे नाही?’’

‘‘तिनं दुकान बंद केलंय.’’

मॉरीनला बरेच दिवस पोटाचा त्रास होता, थकवा होता. तपासण्या झाल्या आणि सीलिअ‍ॅक निघालं. म्हणजे गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये. आयुष्यभरासाठी. मॉरीननं सुपरमार्केटमधली ग्लुटेन-फ्री पुडिंग आणून बघितली आणि पुठ्ठा म्हणून टाकून दिली. मग तिनं सगळंच सोडलं. ‘‘पाहुण्यांना एक आणि मला वेगळं, असं जेवण मी मांडणार नाही,’’ असं ती काकूंना म्हणाली. दारही अर्धवटच उघडायची. दमलेय, म्हणायची.

‘‘ती दमलेली नाही,’’ काकू मला म्हणाल्या. ‘‘तिला लाज वाटतेय. स्वतःच्या आईचं जेवण स्वतःला चालत नाही म्हणून. आणि गहू नाही एवढ्यावर अडतंय होय? अगं, आमच्याकडे गहू सणावारी! ज्वारी आहे, तांदूळ आहे, बेसन आहे, उपासाचा राजगिरा आहे. बघतेच मी.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू कणकेचा भला मोठा डबा छातीशी धरून आमच्या दारात. ‘‘हे घे. आजपासून माझ्या घरात गहू बंद. मॉरीनला तिथे बसून जेवायचंय, उडालेलं पीठसुद्धा चालायचं नाही.’’ त्यांनी स्वयंपाकघर पुसून काढलं, नवीन चाळणी आणली, नवीन ट्रे आणला, लाटणंसुद्धा माझ्याकडे दिलं. मग पोळी खावीशी वाटली की रस्ता ओलांडून यायच्या. ‘‘एक टाक गं. तुपाशी.’’ खाऊन झालं की नळाखाली कोपरापर्यंत हात धुवायच्या, ऑपरेशनला निघाल्यासारख्या, आणि परत जायच्या.

मॉरीनला यातलं काही सांगायचं नाही, असं मला बजावलं होतं.

पहिला मान अर्थातच ज्वारीला. ती पुडिंगं म्हणजे वाटीच्या आकाराच्या भाकऱ्या. काकूंनी त्या लसणाच्या चटणीशी संपवल्या आणि प्रयोग फुकट गेला नाही असं जाहीर केलं. बेसनाचं जे झालं ते ढोकळ्याच्या नात्यातलं होतं. तांदळाची तळाशी बसली, ती माझ्या नवऱ्यानं ग्रेव्हीत बुडवून खाल्ली. बिचारा प्रत्येक वेळी म्हणायचा, ‘‘छान झालंय काकू,’’ आणि काकू म्हणायच्या, ‘‘तू गप्प बस. तुला सगळंच छान लागतं.’’

मी कुठेतरी वाचलं की कॉर्नफ्लोअरचं चांगलं फुगतं. काकूंनी नाक मुरडलं. ‘‘मंच्युरियनला लावतात ते?’’ पण केलं. आणि काय सांगू, ओव्हनमध्ये ते खरंच चढायला लागलं. मला कसं कळलं? कारण काकूंनी ओव्हनचं दार उघडलं. गार हवा आत गेली आणि सगळी पुडिंगं आमच्या डोळ्यांदेखत बसली.

‘‘काकू, दार उघडायचं नसतं!’’

‘‘बघायला नको?’’

ओव्हनचा दिवा गेलेला, काच करपून तपकिरी झालेली. आतलं काही दिसायचं नाही आणि दिसत नसलं की काकूंना राहवायचं नाही. पुढच्या खेपेला तेच, त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. मी रागावले की म्हणायच्या, ‘‘आत काय चाललंय ते न बघता नुसती बसू कशी? जन्मात बसले नाही!’’

शेवटी मी म्हटलं, निदान तेल तरी आणखी तापवू या, धूर येईपर्यंत. धूर आला. इतका आला की स्मोक अलार्म किंचाळायला लागला. काकू खुर्चीवर चढून पदर फडकवताहेत, मी खिडकी उघडतेय, आणि मागच्या दारातून मॉरीन आत. पायात सपाता, हातात टी-टॉवेल. तिनं आधी काकूंना खुर्चीवरून खाली उतरवलं, मग टॉवेल फडकवून अलार्म बंद पाडला. आणि मग तिला टेबल दिसलं. बसकी, वाकडी, चपटी पुडिंगं, नुसता ढीग.

‘‘हे काय आहे?’’

‘‘ढोकळा,’’ काकू म्हणाल्या.

मॉरीननं एक उचललं, उलटंसुलटं केलं. ‘‘आमच्या यॉर्कशरमध्ये याला ढोकळा म्हणत नाहीत.’’ मग हळूच विचारलं, ‘‘गहू?’’

‘‘घरात नाही. कणभरही नाही.’’

मॉरीननं रिकाम्या फळीकडे पाहिलं. तिथला मोठा डबा तिला चांगला माहीत होता. ‘‘मग तुझ्या पोळ्या?’’

काकूंनी नुसतं माझ्या घराच्या दिशेनं बोट दाखवलं.

मॉरीननं टॉवेलची घडी घातली, परत उलगडली, डोळे पुसले आणि बाह्या सरसावल्या. ‘‘दार उघडत होतीस ना? मला सांगू नकोस. इतकी वर्षं थिएटरमध्ये पाहिलंय तुला. पेशंट शांत झोपलेला असायचा आणि तू सारखी त्याची पापणी उचलून बघायचीस. अगं लव्ह, हे पुडिंग आहे. ह्याला एकटं सोडायचं असतं.’’

तिनं कॉर्नफ्लोअर, अंडी, दूध नव्यानं फेटलं. तेल किती तापलं हे ती बघून नाही, आवाजावरून ओळखायची. पीठ ओतल्यावर चर्र झालं, ट्रे आत गेला. मग तिनं काकूंना ओव्हनकडे पाठ करून बसवलं, समोर स्वतः बसली आणि त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले.

‘‘रंग कसा आलाय बघू दे.’’

‘‘नाही.’’

‘‘वास येतोय, मॉरीन.’’

‘‘चांगला येतोय. बस.’’

काकूंचा एक पाय टेबलाखाली सारखा हलत होता. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा चेहरा झाला होता. मला हसू आवरेना, मग मॉरीनला आवरेना, आणि शेवटी काकूही हसायला लागल्या, हात काही सुटले नाहीत.

मॉरीननं ट्रे बाहेर काढला तेव्हा काकू ओरडल्याच, ‘‘अगं बाई!’’ ट्रेच्या काठांवरून वर आलेली, सोनेरी, डोक्यावर वेडेवाकडे फुगवटे असलेली पुडिंगं. मॉरीननं एक तोडलं, कुर्रकन वाजलं. उभ्या उभ्याच खाल्लं. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघत.

‘‘आईच्यापेक्षा जास्त कुरकुरीत आहे,’’ ती शेवटी म्हणाली.

‘‘म्हणजे चांगलं की वाईट?’’ काकूंनी घाईनं विचारलं.

‘‘चांगलं. देवाघरी आईला कळलं तर मात्र माझी खैर नाही.’’ आणि तिनं दुसरं उचललं.

पुढच्या रविवारी मॉरीनचं दार सताड उघडं होतं. आता आम्हालाही बोलावणं असायचं. भाजलेले बटाटे, गाजरं, आमच्यासाठी मांसाशिवाय, कांद्याची वेगळी ग्रेव्ही, आणि पुडिंग सगळ्यांना एकच, एकाच ट्रेमधलं. मॉरीन वाढायची तेव्हा तिचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. माझ्या नवऱ्यानं पहिल्या दिवशी ‘‘छान झालंय’’ म्हटलं आणि काकू म्हणाल्या, ‘‘आज बोल. आज परवानगी आहे.’’

मग काकूंचे गुडघे बोलायला लागले. जिना चढवेना. लेस्टरला मुलीच्या घरी खालच्या मजल्यावर खोली तयार झाली आणि एका शनिवारी काकू गेल्या. जाताना रडल्या नाहीत. मॉरीनला म्हणाल्या, ‘‘तू काही यायची नाहीस, मला माहीत आहे.’’ खरंच, मॉरीननं हॅरो सोडून कुठे जाणं बंद केलं होतं. ट्रेनच्या जिन्यांची, गर्दीची तिला धास्ती वाटायची.

त्यानंतरच्या काही रविवारी ती आम्हाला जेवायला वाढायची, पण तिचं लक्ष नसायचं. आणि एका रविवारी सकाळीच माझ्या दाराची बेल वाजली. मॉरीन. चांगला निळा कोट, ओठांना लिपस्टिक. ‘‘मला लेस्टरच्या गाडीत बसवून देशील?’’

मी तिला भुयारी रेल्वेच्या मेट्रोपॉलिटन लाइननं मध्य लंडनमधल्या मोठ्या स्टेशनवर नेलं. जिन्यावर तिनं माझा दंड पकडला होता, पण थांबली कुठे नाही. लेस्टरची गाडी लागली, तिला सीट मिळाली. मी उतरणार, तेवढ्यात ती म्हणाली, ‘‘तिला सांगितलेलं नाही मी येतेय ते. तुमच्या भाषेत काहीतरी म्हणायचंय. ‘मी आले, जेवायला काय आहे’ असं काहीतरी.’’

मी काकूंना कायम ‘अहो’ म्हणत आलेली. तेच तोंडात येत होतं. पण मॉरीनकडे बघितलं आणि म्हटलं, ‘‘म्हणा, ‘आले गं, जेवायला वाढ.’’’

‘‘गं म्हणजे?’’

‘‘मैत्रिणीला म्हणतात. मी नाही म्हणू शकत त्यांना. तुम्ही म्हणू शकता.’’

ती खूष झाली. दोनतीनदा घोकलं तिनं. ‘‘आले गं, जेवाइला वाड.’’ मी म्हटलं, एकदम बरोबर. दारं लागली, गाडी हलली. काचेपलीकडे मॉरीन पर्स मांडीवर धरून ताठ बसली होती, माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं. तिचे ओठ हलत होते.